दादा ओरडायचा, अलका रडायची

पुष्पा टर्ले यांना कॅन्सर होईल असं आमच्या शाळेत कोणी म्हणालं असतं, तर आम्ही सगळ्या हसलो असतो. आजारी पडायचं ते आम्ही. माझी अर्धशिशी, हेडबाईंचं ब्लडप्रेशर, गणिताच्या बाईंचा संधिवात. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डब्यांच्या बरोबरीने गोळ्यांच्या पट्ट्या निघायच्या. पुष्पाताईंच्या पिशवीत मात्र शिट्टी असायची, टेनिकॉइटची रिंग असायची आणि भाजलेले शेंगदाणे.

नाशिक रोडच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या आणि मी मराठी. मूळच्या सायखेड्याच्या. तिथल्या मैदानावर खो-खो खेळत राज्यापर्यंत गेलेल्या, त्यामुळे चालायच्या ते चवड्यांवर, कोणत्याही क्षणी उठून पळायचं असल्यासारख्या. पांढरा सलवार-कुर्ता, कमरेला आवळून बांधलेली ओढणी, तेल लावून घट्ट घातलेली वेणी. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मला पहिल्या दिवसापासून ‘वैशाली’ आणि ‘तू’ म्हणायच्या, आणि मला त्यात कधी काही खटकलं नाही.

त्यांची एक सवय सगळ्या शाळेला पाठ होती. कोणी कसलंही संकट घेऊन आलं की त्या शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या, मध्ये अरेरे नाही की बाई गं नाही, आणि मग म्हणायच्या, “बरं. आता काय करायचं?” एकदा आठवीतली एक मुलगी खो-खोच्या खांबावर सूर मारताना पडली आणि तिचा हात मनगटाच्या वर चक्क वाकडा दिसायला लागला. दोन मुलींना भोवळ आली, मी स्वतः भिंत धरली. पुष्पाताईंनी फळ्याची लाकडी पट्टी मागवली, ओढणी सोडून हात पट्टीला बांधला आणि रिक्षात बसल्यावर त्या मुलीला तेराचा पाढा म्हणायला लावला. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. दवाखाना येईपर्यंत ती पोरगी रडायचंच विसरली होती. संध्याकाळी तिचे वडील तावातावाने शाळेत आले, नाही नाही ते बोलले. पुष्पाताई उभ्या राहून ऐकत होत्या. ते थकल्यावर त्यांनी खुर्ची पुढे केली आणि प्लास्टर किती दिवस ठेवायचं, आंघोळ कशी घालायची, हे समजावून सांगितलं.

आम्हाला या सगळ्याचं कौतुक होतं. पण एकदा मात्र आम्ही हादरलो. शाळेच्या वार्षिक क्रीडा महोत्सवाचा दिवस होता. सकाळपासून त्या मैदानावर, आखणी, संघ, पंच, सगळं नेहमीसारखं. दुपारी खो-खोची अंतिम लढत संपली, बक्षिसं वाटून झाली, आणि मग त्या हेडबाईंकडे जाऊन म्हणाल्या की आता मी निघते, आज पहाटे माझे वडील गेले. हेडबाईंच्या हातातून माईक निसटला. त्या पुढे म्हणाल्या की भाऊ माझ्यासाठी थांबलाय, चारच्या आत पोचायला हवं.

हेडबाईंनी मला सोबत पाठवलं. रिक्षा सायखेड्याच्या रस्त्याला लागली तरी पुष्पाताई उद्याच्या सामानाबद्दलच बोलत होत्या, कोणत्या चटया मोजायच्या राहिल्यात वगैरे. मला वाटत होतं, ही बाई आता फुटेल, मग फुटेल. त्या फुटल्या नाहीत.

घरासमोर माणसं जमली होती. त्यांचे मोठे भाऊ रामनाथ, ज्यांना सगळे दादा म्हणायचे, ते दारात उभे राहून ओरडत होते. तिरडीचे बांबू ओले आणले म्हणून, ट्रॅक्टर आडवा लावला म्हणून, भटजी उशिरा आले म्हणून. धाकटी बहीण अलका ओट्यावर पडून रडत होती आणि दोघी-तिघी तिला कांदा हुंगवत होत्या. पुष्पाताई आत गेल्या, वडिलांच्या पायावरची चादर सरळ केली, डोकं टेकवलं. बाहेर येऊन त्यांनी पहिलं काय विचारलं असेल, तर आत्याची साखरेची गोळी झाली का. झाली नव्हती. मग गोळी, त्याआधी आत्याला दोन घास, लहान पोरांना शेजारी पाठवणं, सगळं त्यांच्याकडे आपोआप आलं. कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही.

ती आत्या माझ्याजवळ बसली होती. भाचरांकडे बघत मला म्हणाली, “राम्या एक दिस असाच वरडता वरडता जाईल. अलकी रडून रडून झिजंल. पुष्पीला काय नाय होणार, ती आम्हा समद्यांना पोचवून जाईल.” आजूबाजूच्या बायकांनी माना हलवल्या. मलाही ते पटलं होतं.

परत येताना एसटीत मी धीर करून विचारलं की सकाळी फोन आला तेव्हाच का नाही निघालात. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या की अंतिम सामन्यातल्या मुलींनी वर्षभर वाट बघितली होती. आणि जरा वेळाने, “सगळ्यांनीच बसून घेतलं तर उठायचं कोणी, वैशाली?”

त्यानंतर काही वर्षांनी अलकाला छातीत गाठ लागली.

अलका एकलहऱ्याला राहायची, तिचा नवरा तिथल्या वीज केंद्रात होता. गाठ हाताला लागली त्याच दिवशी तिने ते नवऱ्याला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, दादाला फोन करून रडली, पुष्पाताईंना फोन करून रडली. दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांसमोर होती. कॅन्सरच निघाला, पण अगदी सुरुवातीचा. पुष्पाताईंनी रजा टाकली. ऑपरेशन, केमो, अलकाच्या मुलांचे डबे, सगळं पार पाडलं. केस गळायला लागल्यावर अलकाने आकांत केला, तेव्हा पुष्पाताईंनी तिला बसवून डोकं साफ करून दिलं आणि शाळेच्या पिकनिकला घातलेली आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवली.

डॉक्टरांनी घरातला इतिहास विचारला. या भावंडांची आई ऐन चाळिशीत याच आजाराने गेली होती, पाठोपाठ मावशीही. डॉक्टर म्हणाले की तुमच्या घरात हा रक्तातून आलेला दिसतोय, तेव्हा घरातल्या सगळ्या बायकांनी तपासून घ्यायला हवं. झालं. पुष्पाताईंनी जणू संघच निवडला. दादाची मुलगी स्वाती, मावशीच्या दोन मुली, आणि रक्ताचा संबंध नसलेली दादाची बायकोसुद्धा, “आलीच आहेस तर घे करून” म्हणून. मला त्यांनी मदतीला बोलावलं होतं, कारण त्या बायका घाबरून पळतील आणि दारात एक माणूस हवं.

दादा तिथेही ओरडले. कॉरिडॉरमध्ये उभे राहून, सगळं रुग्णालय ऐकेल असे. “चांगल्या पोरींना कशाला दवाखाना दाखवते? लग्नं व्हायची हायेत त्यांची. उद्या गावात नाव झालं म्हंजे?” पुष्पाताईंनी त्यांचा हात धरून बाकावर बसवलं. म्हणाल्या, ओरडून घे दादा, पण स्वातीला आत जाऊ दे. दादा ओरडत राहिले आणि स्वाती आत गेली. एकेक करून सगळ्या गेल्या. शेवटी नर्सने पुष्पाताईंचं नाव विचारलं. त्या म्हणाल्या की माझं मागच्याच महिन्यात दुसरीकडे झालंय, सगळं ठीक आहे. नर्सने मान हलवली. मी त्यांच्या शेजारीच होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या वर्षी पुष्पाताई अत्तर लावायला लागल्या. मोगऱ्याचं, भसकन नाकात जाणारं. खेळाच्या बाईंनी अत्तर लावावं याची आम्ही स्टाफरूममध्ये खूप थट्टा केली. त्याही हसायच्या.

उन्हाळी शिबिराचे दिवस होते. मी पेपर घेऊन व्हरांड्यात बसले होते आणि समोर मैदानावर सातवीच्या मुलींचा सराव चालू होता. एक मुलगी पुष्पाताईंजवळ जाऊन काहीतरी म्हणाली आणि त्यांच्या कुर्त्याकडे बोट दाखवलं. डाव्या काखेखाली लाल डाग होता, पसरत चाललेला. पुष्पाताईंनी खाली बघितलं, खांबाला घासलं असेल असं काहीतरी त्या मुलीला सांगितलं, ओढणी त्यावर ओढून घेतली आणि शिट्टी वाजवली. खेळ पुढे चालू झाला. मी पेपर तसेच टाकून खाली गेले, शिबिर सोडून दिलं आणि त्यांना सामानाच्या खोलीत नेलं. त्या नको म्हणत होत्या. पण दार लावल्यावर अचानक चटयांच्या ढिगावर बसल्या आणि स्वतःच कुर्ता वर केला.

मी जे बघितलं ते लिहिणार नाही. आत जुन्या सुती साडीची घडी बांधलेली होती. ती सुटली तेव्हा वास आला, आणि वर्षभराच्या अत्तराचा अर्थ मला एका क्षणात कळला. 

केव्हापासून, एवढंच मी कसंबसं विचारलं.

“अलकाच्या आधीपासून.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. म्हणजे अलकाचं डोकं साफ करून देताना, स्वातीला आत ढकलताना, त्या नर्सला सगळं ठीक आहे म्हणून सांगताना, हे इथे होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या घडी पुन्हा बांधत होत्या, सराईत हाताने.

“आईचंही असंच होतं,” त्या म्हणाल्या. “ती पदराखाली झाकायची. पट्ट्या मीच बदलायचे, अकरावीत होते. डॉक्टरांकडे नेली आणि त्यांनी नाव सांगितलं, त्यानंतर ती कोणाची आई राहिली नाही, नुसती पेशंट झाली. म्हणून मी नाव विचारलंच नाही. डॉक्टरांनी नाव घेतलं की ते खरं ठरतं. तोपर्यंत ते फक्त माझं होतं.”

टर्ले भाऊजींना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, मी फोन केला. ते सातपूरच्या कंपनीतून तसेच युनिफॉर्मवर आले. त्यांना पुष्पाताईंनी त्वचेचा काहीतरी विकार आहे, मलम चालू आहे, असं सांगितलं होतं. ते पुन्हा पुन्हा मला तेच सांगत होते, मलमाची ट्यूब होती हो, मीच आणून द्यायचो. कोणावर रागवावं हे त्यांना कळत नव्हतं. मलाही नाही.

त्याच रुग्णालयात, ज्या डॉक्टरांनी अलकाला बरं केलं त्यांच्याकडेच, पुष्पाताईंना दाखल केलं. आजार हाडांत गेला होता. नातेवाईक येऊ लागले आणि प्रत्येकाने एकच गोष्ट बोलायला सुरुवात केली. पुष्पी सगळं मनात ठेवायची, म्हणून झालं. गिळलेलं दुःख बाहेर पडतंच. एका चुलत जावेने मोबाइलवर कुठल्याशा स्वामींचा व्हिडिओ लावला, त्यात राग दाबला की त्याच्या गाठी होतात असं समजावून सांगितलं होतं. अलकासुद्धा पायाशी बसून रडत म्हणाली, ताई, तू कधी रडली नाहीस गं, ते सगळं साचत गेलं बघ. पुष्पाताई डोळे मिटून पडल्या होत्या. मला वाटलं, झोपल्या असतील.

तेवढ्यात डॉक्टरांच्या हाताखालची एक तरुण डॉक्टरीण तपासायला आली. पुष्पाताईंनी डोळे उघडले आणि सगळ्यांसमोर तिला विचारलं की न रडल्यामुळे कॅन्सर होतो का. ती मुलगी जरा गोंधळली. मग पलंगाच्या कडेवर बसली आणि सरळ म्हणाली की नाही, मावशी. तुमच्या आईला होता, मावशीला होता, बहिणीला झाला, आणि त्या तर भरपूर रडतात. स्वभावाने गाठ होत नाही. गाठ लपवल्याने उशीर होतो, एवढंच. ती निघून गेली. चुलत जावेने मोबाइल पर्समध्ये ठेवला.

आणि मग पुष्पाताई उठून बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता.

“ऐकलं ना? आमच्या घरात दादा ओरडायचा, अलका रडायची. दोन्ही जागा भरलेल्या होत्या. मला कोणी विचारलं, तुला काय करायचंय? आई गेली तेव्हा ह्याने घरातली भांडी फेकली, ही बेशुद्ध पडली, आणि तुम्ही सगळे म्हणालात पुष्पी शहाणी आहे, चुलीपाशी तिला बसवा. तेव्हापासून शहाणीच आहे मी. आता म्हणता शहाणपणानेच गाठ झाली. म्हणजे हेही माझंच.”

सलाइनची नळी हलत होती. नर्स धावत आली, पण त्यांनी तिचाही हात झटकला. मी भिंतीला टेकून उभी होते. खरं सांगायचं तर तो कुर्त्यावरचा डाग बघून जेवढा धक्का बसला नव्हता, तेवढा त्या क्षणी बसला. या बाईच्या आत एवढं सगळं शब्दांसकट तयार होतं आणि आम्ही तिच्या शांतपणाची उदाहरणं मुलींना देत होतो.

दादा दारात उभे होते. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन बाकावर बसले, मांडीवर वहिनींनी दिलेला डबा घेऊन. मी बराच वेळ त्यांच्याजवळ बसले. ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, “मॅडम, त्या दिवशी म्या एवढा वरडलो नसतो, तर तिनं बी तपासून घेतलं असतं का?” त्या दिवसानंतर दादा ओरडले नाहीत, ना मजुरांवर ना पोरांवर. वहिनी मला नंतर म्हणाल्या की घर इतकं गप्प झालंय की भीती वाटते.

केमोने थोडे महिने बरे गेले. पुष्पाताई एकलहऱ्याला अलकाकडे राहायला गेल्या, कारण जखम बांधायला माणूस हवं होतं. ते काम अलकाने केलं. रोज सकाळी, हातमोजे घालून, डोळ्यांत पाण्याचा थेंब न आणता. मी भेटायला गेले की दोघी बहिणी जेवणावरून भांडत असायच्या, भाजीत मीठ कमी, पोळी जाड. पुष्पाताई चिडायच्या, रुसायच्या, एकदा तर ताट सरकवून दिलं त्यांनी. अलका मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली की ताई अशी वागते ना, तर मला बरं वाटतं.

दिवाळीनंतर त्या गेल्या. सायखेड्याच्या घाटावर दादांनी अग्नी दिला आणि सगळं इतकं शांतपणे झालं की नदीचं पाणी ऐकू येत होतं.

पण मला आठवतात त्या जाण्याच्या जरा आधीच्या पुष्पाताई. स्वातीची वर्षाची तपासणी होती. पुष्पाताईंना तेव्हा धड बसवतही नव्हतं, तरी मी येणारच म्हणून त्या हटून बसल्या. भाऊजींनी गाडीत पाठीला उश्या लावून त्यांना आणलं. स्वातीचं त्या दिवशी काही निघालं नाही, हे आधीच सांगून टाकते. पण आम्हाला ते तेव्हा माहीत नव्हतं. स्वाती आत गेली, दार लागलं, आणि आम्ही बाहेरच्या लांब बाकावर बसलो. आजूबाजूला अनोळखी बायका होत्या, फायली छातीशी धरलेल्या, कोणी कोणाकडे न बघणाऱ्या.

पुष्पाताईंच्या डोक्याला रुमाल बांधला होता आणि चेहरा मुठीएवढा झाला होता. त्या बंद दाराकडे बघत होत्या. मग त्यांनी माझा हात धरला, इतका घट्ट की बांगडी रुतली.

“वैशाली, मला भीती वाटतीये,” त्या म्हणाल्या. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. “खूप भीती वाटतीये गं.”

बाकावरच्या बायकांनी वळून बघितलं. मी काही बोलणार, तेवढ्यात पलीकडच्या टोकाला बसलेली नऊवारीतली एक बाई उठली, आपली फाईल आणि पिशवी उचलून पुष्पाताईंच्या अगदी शेजारी येऊन बसली.

“मला बी, ताई,” ती म्हणाली.

पुष्पाताईंनी दुसरा हात तिला दिला.